सतरंज्या उचलल्यानंतरचा हिशेब

(राजारामपुरी, कोल्हापूर येथील एका व्याख्यानमालेत 'फिरते अध्यक्षपद आणि शासनाची तयारी' या विषयावर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



राजारामपुरीत प्रथमच येणाऱ्या माणसाची पहिली गाठ पडते ती आकड्यांशी. इथल्या गल्ल्या आकड्यांनी ओळखल्या जातात. आकडा नीट लिहून घेतला नाही, तर पाहुणा भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. आजचा माझा विषयही पाहुण्यांचा आणि आकड्यांचाच आहे. १ डिसेंबर २०२२ ते ३० नोव्हेंबर २०२३ या वर्षभरात आपल्या देशाने 'जी-२०' या राष्ट्रगटाचे अध्यक्षपद भूषविले. त्या वर्षाच्या कमानी, रोषणाई आणि छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली. परंतु असे यजमानपद पेलण्यासाठी सरकार पैसा कोठून काढते, माणसे कोठून आणते आणि समारंभ संपल्यावर त्या पैशाचे आणि त्या माणसांचे काय होते, याविषयी फारसे बोलले गेले नाही. आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील, ही जुनी गोष्ट झाली. मला तसे वाटत नाही. कार्य चालू असते, तेव्हा सर्वांचे लक्ष मांडवाकडे असते. हिशेबाची वेळ मांडव उतरल्यावरच येते.

या संदर्भात माझ्या विद्यार्थीदशेतील एक आठवण सांगतो. त्या काळी एका मोठ्या संमेलनात मी स्वयंसेवक होतो. तीन दिवस जेवणाच्या पंगती, मिरवणूक, भाषणे यांत आम्ही बुडून गेलो होतो. समारोपाच्या रात्री पाहुणे गेले, पुढारी गेले आणि हळूहळू कार्यकर्तेही पांगले. सतरंज्या उचलायला आम्ही आठ-दहाजण उरलो. खजिनदार होते एक निवृत्त शिक्षक. आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू. पुढचे कित्येक महिने हा माणूस संध्याकाळी पत्र्याची पेटी उघडून पावत्या लावत बसे. मंडपवाला, आचारी, छापखाना, ट्रकवाला अशा प्रत्येकाच्या दारी ते स्वतः गेले. अखेर त्यांनी दोन वह्या तयार केल्या. पहिलीत जमाखर्च होता. दुसरीत किती माणसे येतील असे धरले होते आणि प्रत्यक्षात किती आली, पाणी कुठे कमी पडले, कोणती समिती नुसती कागदावर राहिली, कोणत्या कामाला कोण माणूस उपयोगी पडला, हे सारे लिहिलेले होते. ही दुसरी वही त्यांनी पुढच्या वर्षीच्या यजमान गावाला नेऊन दिली. पहिल्या वहीने समाजाचा विश्वास राखला आणि दुसरीने पुढच्या गावाचे श्रम वाचवले. आज सरकारच्या कारभाराकडे पाहताना मला या दोन वह्यांची आठवण होते.

अध्यक्षपद फिरते, कचेरी नाही

'जी-२०' ही संघटना नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. १९९९ साली अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकांचे प्रमुख यांच्या बैठकीतून हा गट सुरू झाला. २००८ च्या आर्थिक संकटात वॉशिंग्टन येथे प्रथमच राष्ट्रप्रमुख एकत्र आले आणि गटाचे महत्त्व वाढले. परंतु संयुक्त राष्ट्रसंघासारखे याला मुख्यालय नाही, कायम सचिवालय नाही आणि सेवेत असलेले नोकरवर्गाचे दल नाही. ज्या देशाकडे अध्यक्षपद, त्याच देशाने त्या वर्षापुरती कचेरी थाटायची, विषयपत्रिका ठरवायची, निमंत्रणे धाडायची आणि खर्च सोसायचा. सातत्य राहावे म्हणून मागील, विद्यमान आणि आगामी असे तीन अध्यक्ष देश एकत्र काम करतात. या त्रिकुटात आपल्या वर्षी इंडोनेशिया, भारत आणि ब्राझील होते. पुढे २०२४ मध्ये ब्राझील अध्यक्ष असताना दक्षिण आफ्रिकेसमवेत भारत त्रिकुटात राहिला.

मराठी माणसाला ही पद्धत मुळीच अपरिचित नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे कार्यालयही तीन-तीन वर्षांनी पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर असे घटक संस्थांकडे फिरत असते. संमेलनाचे यजमान गाव तर दर वेळी वेगळे. या मान्यतेचा अनुभव आपल्या जिल्ह्यालाही आहे. १९३२ चे संमेलन सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली कोल्हापुरात भरले, १९७४ चे पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली इचलकरंजीत आणि १९९२ चे रमेश मंत्री यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा कोल्हापुरात. प्रत्येक वेळी स्वागत समिती शून्यातून उभी राहिली आणि काम संपताच विसर्जित झाली. फिरत्या यजमानपदाचा मोठा गुण असा, की मान सर्वांना मिळतो. त्याचा मोठा दोष असा, की शहाणपण मात्र प्रत्येकाला नव्याने विकत घ्यावे लागते.

माणसांची जुळवाजुळव

भारताने या अध्यक्षपदाची तयारी कशी केली? मुळात २०१८ मध्ये ब्युनोस आयर्स येथे २०२२ ची परिषद भारतात होईल असे जाहीर झाले होते. नंतर इंडोनेशियाशी क्रम बदलून आपल्याकडे २०२३ हे वर्ष आले. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'जी-२०' सचिवालय स्थापन करण्यास मान्यता दिली. त्यावर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील शिखर समिती आणि तिच्या साहाय्याला समन्वय समिती अशी रचना ठरली. सचिवालयात परराष्ट्र खाते, अर्थ खाते आणि अन्य संबंधित खात्यांतील अधिकारी-कर्मचारी तसेच त्या त्या विषयांचे तज्ज्ञ घ्यावयाचे होते. हे सचिवालय फेब्रुवारी २०२४ पर्यंत चालेल, असेही त्याच निर्णयात नमूद होते. म्हणजे ही कचेरी जन्मतानाच तिच्या समाप्तीचा महिना ठरलेला होता.

परराष्ट्र सचिवपदावरून निवृत्त झालेले हर्षवर्धन शृंगला यांच्याकडे मुख्य समन्वयक म्हणून काम सोपविण्यात आले. राष्ट्रप्रमुखाच्या वतीने वर्षभर वाटाघाटी करणाऱ्या प्रतिनिधीला या गटात 'शेर्पा' म्हणतात. शिखर चढणाऱ्याला वाट दाखवणारा तो शेर्पा, असा त्या नावामागचा भाव आहे. ही जबाबदारी आधी पीयूष गोयल यांच्याकडे आणि जुलै २०२२ पासून अमिताभ कांत यांच्याकडे होती. त्यांच्या विभागात शेती, आरोग्य, शिक्षण, ऊर्जा असे १३ कार्यगट होते. अर्थविषयक विभाग स्वतंत्र होता. त्याचे काम अर्थ मंत्रालय आणि रिझर्व्ह बँक यांनी पाहिले.

आता आपल्या परराष्ट्र सेवेचा आवाका पाहा. संसदेच्या स्थायी समितीसमोर २०२३ साली आलेल्या माहितीनुसार भारतीय परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास होती. एवढ्या माणसांवर जगभरच्या वकिलाती आणि दिल्लीचे मुख्य कार्यालय चालवायचे आणि त्याच माणसांतून वर्षभराच्या यजमानपदासाठी हात काढायचे. नवी भरती एका वर्षासाठी करता येत नाही, कारण मुरलेला राजनैतिक अधिकारी काही महिन्यांत तयार होत नसतो. त्यामुळे उसनवारी अटळ ठरते. एका खात्यातून माणूस घेतला की तिथले काम दुसऱ्याच्या टेबलावर जाते. हा खर्च कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही, पण तो असतोच.

यजमानपद नेमके कोण पेलते, हे समजण्यासाठी युरोपकडे क्षणभर वळू. युरोपीय महासंघाच्या मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी फिरते. २०१७ च्या पूर्वार्धात ते माल्टाकडे होते. माल्टाची लोकसंख्या तेव्हा साडेचार लाखांच्या आसपास, आणि आपल्या कोल्हापूर शहराची २०११ च्या जनगणनेतच साडेपाच लाखांच्या घरात! कोल्हापूरपेक्षाही लहान असा हा देश सहा महिने त्या मोठ्या महासंघाच्या बैठका चालवीत होता. ब्रुसेल्सला परिषदेचे कायमस्वरूपी सचिवालय असल्यामुळेच हे शक्य झाले. कागदपत्रे, भाषांतरे, जुने निर्णय, कार्यपद्धती हे सारे तिथे हाताशी असते. माल्टाच्या अधिकाऱ्यांना बैठका चालवायच्या होत्या, कचेरी जन्माला घालायची नव्हती.

दुसरे उदाहरण बेल्जियमचे. २०१० च्या उत्तरार्धात त्यांची पाळी आली, तेव्हा निवडणुका होऊनही नवे सरकार बनले नव्हते. काळजीवाहू मंत्रिमंडळ होते. तरीही अध्यक्षपदाचे काम सुरळीत पार पडले, कारण ते काम पूर्वी अनेकदा केलेले, जाणते अधिकारी त्या देशाकडे होते. मंत्री बदलतात, सरकारे पडतात. यजमानपद निभावते ते शिकलेल्या माणसांच्या बळावर. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी, म्हणजे कायम सचिवालयाचा आधार आणि वारंवार येणारी पाळी, 'जी-२०' च्या बाबतीत नाहीत. म्हणून आपल्या वर्षातून शिकलेली माणसे आपल्याला अधिकच मोलाची मानली पाहिजेत.

९९० कोटींचा अर्थ

आता पैशाकडे वळू. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात परराष्ट्र खात्याला १८,०५० कोटी रुपये मिळाले. त्यात 'जी-२०' अध्यक्षपदासाठी ९९० कोटींची तरतूद होती. म्हणजे खात्याच्या एकूण रकमेत साधारण साडेपाच टक्के. शिखर परिषद ९ आणि १० सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीत झाली. आफ्रिकी संघाला स्थायी सदस्यत्व मिळाले आणि सर्वसंमत घोषणापत्र निघाले. युक्रेनच्या युद्धामुळे जग दुभंगलेले असताना असे घोषणापत्र निघणे ही सामान्य गोष्ट नव्हती, आणि त्याचा अभिमान आपल्याला वाटणे योग्यच आहे.

परंतु परिषद आटोपताच वाद सुरू झाला. तरतूद ९९० कोटींची आणि खर्च चार हजार कोटींहून अधिक, असा आरोप विरोधकांनी केला. सरकारच्या वतीने खुलासा झाला, की त्यातील मोठी रक्कम व्यापार संवर्धन संघटनेने प्रगती मैदानावर कायमस्वरूपी वास्तूंवर केलेली गुंतवणूक आहे. ती केवळ परिषदेपुरती नाही. खुलाशात तथ्य होते. २६ जुलै २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या 'भारत मंडपम्'सह त्या संकुलाचा प्रकल्प सुमारे २,७०० कोटींचा होता आणि परिषद संपल्यावरही तो देशाच्या मालकीचा राहिला. पण माझा मुद्दा वेगळा आहे. हा वाद उद्भवलाच का? कारण सामान्य नागरिकाने एका कागदावर पाहावा, असा एकत्रित हिशेब त्या वेळी समोर नव्हता. परराष्ट्र खात्याचा खर्च एका मागणीत, व्यापार खात्याच्या संघटनेचा दुसरीकडे, दिल्ली पोलिसांचा गृह खात्याकडे, रस्त्यांचा आणखी कुणाकडे. हिशेब विखुरलेला असला, की एकाला तो फुगवून सांगता येतो आणि दुसऱ्याला आक्रसून.

त्यात कालगणनेची एक गंमत आहे. अध्यक्षपदाचे वर्ष डिसेंबर ते नोव्हेंबर आणि सरकारचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. त्यामुळे यजमानपदाचे पहिले चार महिने २०२२-२३ च्या खात्यात पडले आणि पुढचे आठ २०२३-२४ च्या. शिवाय अर्थसंकल्पात प्रत्येक आकडा तीन रूपांत येतो: आधी अर्थसंकल्पीय अंदाज, मग सुधारित अंदाज आणि शेवटी प्रत्यक्ष खर्च. प्रत्यक्ष खर्चाचा स्तंभ दोन वर्षांनंतरच्या अर्थसंकल्पात छापला जातो. म्हणजे २०२३-२४ चा खरा खर्च फेब्रुवारी २०२५ च्या कागदपत्रांत येणार. तोवर परिषदेला जवळजवळ दीड वर्ष झालेले. वर्तमानपत्रांना त्या जुन्या आकड्याची बातमी करावीशी वाटत नाही. मी स्वतः या व्यवसायातला असल्याने हा दोष आमच्याही पदरात घालतो. तरतुदीची बातमी आम्ही पहिल्या पानावर छापतो आणि प्रत्यक्ष खर्चाची छापतच नाही.

साठ शहरे, साठ खतावण्या

आपल्या अध्यक्षपदाचे वैशिष्ट्य असे, की बैठका दिल्लीपुरत्या ठेवल्या नाहीत. साठ शहरांत दोनशेहून अधिक बैठका झाल्या. शेर्पांची पहिली बैठक उदयपूरला झाली, पर्यटन कार्यगटाची श्रीनगरला. महाराष्ट्रात विकासविषयक कार्यगट डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत भरला, पायाभूत सुविधांचा जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात. महिलाविषयक गटाची प्रारंभिक बैठक फेब्रुवारीअखेर छत्रपती संभाजीनगरला आणि नागरी संस्थांच्या गटाची मार्चमध्ये नागपूरला झाली. जूनमध्ये पुण्याने शिक्षणमंत्र्यांचे आतिथ्य केले. देशाचा गौरव केवळ राजधानीच्या अंगणात न मांडता गावोगावी नेण्याची ही कल्पना मला मनापासून आवडली. जिल्ह्याच्या पातळीवरील अधिकाऱ्याला, महापालिकेच्या अभियंत्याला, महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला जगाशी थेट व्यवहार करण्याची संधी त्यातून मिळाली.

मात्र जितकी शहरे, तितक्या खतावण्या. विमानतळापासून हॉटेलपर्यंतचा रस्ता कधी महापालिकेचा, कधी सार्वजनिक बांधकाम खात्याचा, कधी राष्ट्रीय महामार्गाचा. बंदोबस्त राज्य पोलिसांचा. रंगरंगोटी आणि रोषणाई महापालिकेची. हा खर्च त्या ९९० कोटींत शोधून सापडणार नाही. राज्याला असा आगंतुक खर्च पुरवणी मागण्यांतून किंवा आहे त्या तरतुदींत ओढाताण करून भागवावा लागतो, आणि महापालिकेला नगरसेवकच नसले तर प्रशासकाच्या सहीने. त्या काळात मुंबई, पुणे आणि नागपूर या तिन्ही महापालिकांत प्रशासकीय राजवट होती, हे आपल्याला आठवत असेल. सभागृहात प्रश्न विचारणारा कुणी नव्हता.

खर्चाच्या दर्जाचाही विचार केला पाहिजे. मुंबईत पाहुण्यांच्या वाटेवरच्या वस्त्या पडद्यांनी झाकल्याच्या बातम्या आपण वाचल्या. त्या पडद्यामागे राहणारी माणसेही याच देशाची, आणि 'वसुधैव कुटुम्बकम्' हे आपल्या अध्यक्षपदाचे बोधवाक्य! घरी पाहुणा येणार म्हणून आपण घर झाडतो, भिंतीला चुना देतो. पण घरातल्या म्हाताऱ्याला कोठीत नेऊन बसवत नाही. पडद्याचा पैसा पाहुण्याबरोबर गेला. त्याच पैशाचे गटार बांधले असते, तर ते पाहुणा गेल्यावरही उपयोगी पडले असते. उलट, ज्या शहरात या निमित्ताने रखडलेला रस्ता पूर्ण झाला, पदपथ झाले, तिथे यजमानपद सत्कारणी लागले. दोन्ही खर्चांची नोंद एकाच 'सुशोभीकरण' या शीर्षकाखाली होत असेल, तर त्यातला फरक नागरिकाला कसा कळावा?

वास्तू टिकते, माणसे पांगतात

मागील अनुभव आपल्याला बरेच शिकवू शकतो. १९५६ साली युनेस्कोचे अधिवेशन दिल्लीत भरले. त्या निमित्ताने विज्ञान भवन आणि अशोक हॉटेल उभे राहिले. त्याच विज्ञान भवनात मार्च १९८३ मध्ये अलिप्त राष्ट्रांची सातवी परिषद झाली. ती खरे तर बगदादला व्हायची होती. इराण-इराक युद्धामुळे ती ऐनवेळी आपल्याकडे आली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन पंतप्रधानांनी याच विज्ञान भवनात केले. संमेलनाच्या अध्यक्ष होत्या आपल्या शेजारच्या सांगलीच्या डॉ. तारा भवाळकर. जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वी परदेशी पाहुण्यांसाठी बांधलेली वास्तू मराठीच्या कामी आली. पायाभूत खर्च याला म्हणतात.

१९८३ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुल प्रमुखांची परिषद दिल्लीत झाली आणि त्यांची विश्रांतीची बैठक गोव्यात. आग्वादच्या किल्ल्याजवळ त्यासाठी बांधलेली निवासस्थाने पुढे गोव्याच्या पर्यटनाला उपयोगी पडली. त्याच वर्षातील आणखी एक गोष्ट अधिक बोधप्रद आहे. मार्चच्या अलिप्त परिषदेचे महासचिव होते परराष्ट्र सेवेतील नटवर सिंह, आणि नोव्हेंबरच्या राष्ट्रकुल परिषदेचे मुख्य समन्वयकही तेच. पहिल्या कार्यात शिकलेला माणूस आठ महिन्यांनी दुसऱ्या कार्याला लावला गेला. अनुभव वाया गेला नाही.

याच्या उलट उदाहरण २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे. ते यजमानपद वेगळ्या प्रकारचे होते, पण धडा तोच आहे. ऑगस्ट २०११ मध्ये संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने स्पष्ट दाखवून दिले, की अनेक यंत्रणा एकाच वेळी काम करीत होत्या, पण सर्वांच्या खर्चाचा एकत्रित आणि वास्तव अंदाज आरंभापासून कुणापाशीच नव्हता. 'जी-२०' च्या वेळी तशी नामुष्की ओढवली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु नामुष्की झाली नाही म्हणून हिशेबाची गरज संपली, असे समजणे घातक ठरेल.

आता प्रश्न माणसांचा. मंत्रिमंडळाच्या मूळ निर्णयानुसार सचिवालय फेब्रुवारी २०२४ पर्यंतचे होते. त्रिकुटातील आपले कर्तव्य मात्र नोव्हेंबर २०२४ अखेरपर्यंत होते. उसने आणलेले अधिकारी आपापल्या खात्यांत परतले. कुणी जिल्ह्यात गेला, कुणी परदेशी वकिलातीत. वीसेक देशांत फिरणारे हे पद पुन्हा आपल्या दारी येईल, तेव्हा आजचे बहुतेक ज्येष्ठ अधिकारी निवृत्त झालेले असतील आणि आजचे उमेदवार ज्येष्ठ झालेले असतील. त्यांच्या स्मरणशक्तीवर देशाने विसंबून राहायचे काय?

आपण काय मागावे?

कुणी विचारील, यात तुम्ही-आम्ही काय करणार? आपण तीन गोष्टींचा आग्रह धरू शकतो.

पहिली म्हणजे एकत्रित हिशेब. केंद्र, राज्य आणि महापालिका यांनी एखाद्या यजमानपदावर केलेला खर्च एकाच पुस्तिकेत, मराठीत आणि सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध व्हावा. त्यात कायमस्वरूपी कामे, पाहुणचार, सुरक्षा आणि सजावट असे स्वच्छ भाग असावेत. विशेष म्हणजे आपल्या अध्यक्षपदाच्या काळात जून २०२३ मध्ये 'जी-२०' देशांच्या सर्वोच्च लेखापरीक्षण संस्थांची परिषद आपल्या महालेखापरीक्षकांच्या अध्यक्षतेखाली गोव्यातच झाली. ज्या देशाने जगातील लेखापरीक्षकांना घरी बोलावले, त्याने आपल्या घरच्या हिशेबात मागे राहू नये.

दुसरी म्हणजे अनुभवाची वही. कोणत्या शहरात काय साधले, काय फसले, किती माणसे लागली, कोणता नियम आडवा आला, याची नोंद परराष्ट्र खात्यात कायम ठेवणारा एक लहानसा कक्ष असावा. मोठी कचेरी नको. चार-सहा जाणते अधिकारी आणि व्यवस्थित दप्तर पुरे. २०२६ साठी ब्रिक्स गटाचे अध्यक्षपद भारताकडे आले. यापूर्वी २०१२, २०१६ आणि २०२१ मध्ये ते आपल्याकडे होते. म्हणजे एखादे ना एखादे यजमानपद थोड्या थोड्या वर्षांनी आपल्या दाराशी येणारच. मग दर वेळी पाटी कोरी का?

तिसरी गोष्ट माणसांची नोंद. साठ शहरांत ज्या शेकडो तरुण अधिकाऱ्यांनी, दुभाष्यांनी, पोलिसांनी आणि स्वयंसेवक विद्यार्थ्यांनी काम केले, त्यांची यादी आणि त्यांचे कौशल्य टिकवले पाहिजे. उद्या कोल्हापूरसारख्या शहराच्या वाट्याला एखादी बैठक आली, तर नागपूर किंवा संभाजीनगरचा अनुभवी माणूस चार दिवस आधी इथे येऊन सांगू शकला पाहिजे, की बाबांनो, इथे आमची चूक झाली होती, ती तुम्ही करू नका.

हिशेब मागणे म्हणजे विरोध करणे, असा एक समज अलीकडे पसरला आहे. तो टाकून दिला पाहिजे. या राजारामपुरीतील गणेशोत्सव मंडळांना विचारा. जे मंडळ उत्सव संपताच जमाखर्च फलकावर लावते, त्याला पुढच्या वर्षी वर्गणी मागायला दारोदार फिरावे लागत नाही. हिशेब देणाऱ्याची पत वाढते. जे सरकार देशाची मान उंचावते, त्याने हिशेबाची वहीही तितक्याच आत्मविश्वासाने उघडावी, ही अपेक्षा आपल्या माणसाकडूनच करायची असते. परक्याकडून नव्हे.

आपल्यात म्हण आहे, लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून. 'जी-२०' च्या वर्षात देशाने लग्नही केले आणि घरही बांधले. दोन्ही चांगली झाली. आता उरले आहे ते सतरंज्या घडी करून ठेवण्याचे काम. त्याला टाळ्या मिळत नाहीत, हार-तुरे मिळत नाहीत.

त्या संमेलनानंतर काही वर्षांनी मी एका दूरच्या गावी बातमीसाठी गेलो होतो. तिथे तेच संमेलन भरायचे होते. स्वागत समितीच्या टेबलावर मला एक ओळखीची वही दिसली. पुठ्ठा बदललेला होता, पण अक्षर मास्तरांचे होते. त्यापुढे आणखी तीन-चार हातांची अक्षरे होती. प्रत्येक यजमान गावाने आपली पाने जोडली होती. मास्तर तोवर हयात नव्हते. स्वयंपाकघराचा प्रमुख त्या वहीत बोट घालून तांदळाचा अंदाज पाहत होता.

आपल्या देशालाही अशी वही हवी आहे. ती मागण्याचा अधिकार आपला आहे आणि ती लिहिण्याची वेळ आली, तर त्यात आपले पान जोडण्याचे कर्तव्यही आपलेच आहे.